सागराचा श्वास आणि चक्राची कसोटी

वीज कोठून येते, हा प्रश्न शहरातील माणसाला क्वचितच पडतो. बटण दाबले की दिवा लागतो, आणि नाही लागला की वीज खात्याला दोष द्यावयाचा, एवढाच त्याचा विजेशी संबंध! उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात मात्र हा प्रश्न कोणालाही टाळता येत नाही. बाजारकुणंग हे याच तालुक्यातील गाव. याच तालुक्यात, डिग्गीच्या परिसरात, काळी नदी उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटरांचा प्रवास करून कारवारजवळ सागराला मिळते. एवढ्या छोट्या नदीने विजेचे केवढे ओझे उचलावे! सुपा येथील १०१ मीटर उंचीचे धरण, अंबिकानगरजवळचे नागझरी वीजगृह, कोडसळ्ळी आणि कद्रा हे सर्व मिळून या खोऱ्याची जलविद्युत क्षमता बाराशे मेगावॅटहून अधिक भरते. त्याच नदीच्या काठी कैगाचे अणुवीज केंद्र उभे आहे. या वैभवाची किंमतही या खोऱ्यानेच मोजली. जुने सुपा गाव जलाशयाच्या पोटात गेले आणि ज्या तालुक्याला सुपा म्हणत, तो आज जोयडा या नावाने ओळखला जातो.

काळीने एवढे दिल्यावर, ती ज्या सागराला जाऊन मिळते त्याच्याकडे काही मागता येईल काय, असा प्रश्न किनाऱ्यावरील विचारी माणसाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मुंबईपासून कारवारपर्यंत आणि त्याही खाली केरळपर्यंत रात्रंदिवस लाटा आपटत असतात. ही शक्ती फुकट जाते आणि आपण कोळशासाठी खाणी व पाण्यासाठी गावे खणीत बुडवीत बसतो, हे चित्र कोणालाही अस्वस्थ करील. म्हणूनच लाटांपासून वीज, हे शब्द दर काही वर्षांनी वृत्तपत्रांतून डोके वर काढतात. २०२५ च्या आरंभी भारत पेट्रोलियमने एका इस्रायली कंपनीशी मुंबईत शंभर किलोवॅटच्या चाचणी प्रकल्पासाठी करार केला, तेव्हाही हीच आशा पुन्हा पालवली. आशेचे आम्ही स्वागतच करतो. परंतु आशेला हिशेबाची जोड नसेल तर ती फार काळ टिकत नाही. हा हिशेब आपल्याच देशात, आपल्याच शास्त्रज्ञांनी एकदा मांडलेला आहे. तो विसरून नव्याने श्रीगणेशा करण्याची आपली जुनी खोड येथेही नडू नये, यासाठी हा लेखनप्रपंच.

सागराच्या लाटेचे विजेत रूपांतर करण्याच्या अनेक पद्धती आहेत. त्यांपैकी सर्वांत साधी आणि सर्वांत अधिक अनुभवाची पद्धत हवेच्या चक्राची. काँक्रीटची एक भली मोठी पोकळ कोठडी किनाऱ्यालगत समुद्रात बसवावयाची. तिचे तोंड पाण्याखाली, लाटेच्या बाजूला उघडे. लाट आली की कोठडीतील पाणी वर चढते आणि वरच्या हवेला दाबते. लाट ओसरली की पाणी उतरते आणि हवा आत ओढली जाते. कोठडीच्या माथ्यावर एक अरुंद नळकांडे असते आणि त्यात हवेच्या झोतावर फिरणारे चक्र, म्हणजे टर्बाइन, बसविलेले असते. चक्राला जनित्र जोडले की वीज. खाऱ्या पाण्याचा प्रत्यक्ष स्पर्श यंत्राला होत नाही आणि पाण्यात हलणारा एकही भाग नसतो, हे या रचनेचे मोठे गुण. लाट जणू कोठडीच्या छातीने श्वास घेते आणि सोडते.

अडचण या श्वासातच आहे. काळीच्या पाण्याला एकच दिशा ठाऊक असते, उंचावरून खाली. नागझरीचे चक्र त्या एका दिशेला बेतून घडविता येते आणि झडपा हव्या तेवढ्या उघडून त्याला हवे तेवढेच पाणी देता येते. सागर असा आज्ञाधारक नाही. लाटेचा आवर्त दहा सेकंदांचा धरला तर दर पाच सेकंदांनी हवेची दिशा उलटते, म्हणजे दिवसाकाठी सतरा हजारांहून अधिक वेळा. प्रत्येक उलटापालटीत वेग शून्यावर येतो, वाढतो, शिगेला पोहोचतो आणि पुन्हा शून्यावर येतो. सामान्य चक्र अशा झोतात एकदा पुढे आणि एकदा मागे फिरेल, म्हणजे कोठेच फिरणार नाही. जपानचे योशिओ मासुदा यांनी सागरी मार्गदर्शक तरंगत्या दिव्यांसाठी ही विद्या प्रथम व्यवहारात आणली, तेव्हा त्यांनी हवा एकाच बाजूने जावी म्हणून झडपा लावल्या होत्या. एका दिव्यापुरत्या लहान यंत्राला ते जमले. शेकडो किलोवॅटांच्या यंत्राला दिवसातून हजारो वेळा उघडमीट करणाऱ्या अजस्र झडपा लावणे, हे मात्र दुखण्यापेक्षा औषध भारी असे ठरते.

या कोड्याचे सुरेख उत्तर १९७० च्या दशकाच्या मध्यास बेलफास्ट येथील क्वीन्स विद्यापीठातील प्राध्यापक अॅलन वेल्स यांनी दिले. त्यांच्या चक्राची पाती दोन्ही बाजूंनी सारखीच फुगीर असतात आणि ती झोताला आडवी बसविलेली असतात. हवा खालून येवो वा वरून, चक्र एकाच दिशेने फिरत राहते. आमच्या किनाऱ्यावरील वाचकाला हे समजावयास पुस्तकाची गरज नाही. शिडाच्या होडीला वारा डाव्या कुशीवरून असो की उजव्या, शीड नीट लावले की होडी पुढेच जाते. वेल्सच्या चक्राचे प्रत्येक पाते म्हणजे असे एक शीडच होय. झडप नाही, दात्यांची गुंतागुंत नाही. यंत्रविद्येत इतकी साधी गोष्ट क्वचितच हाती लागते.

पण प्रत्येक खलाशी हेही जाणतो की वारा पडला तर शीड लोंबकळते आणि वारा पिसाटला तर शीड उतरवावे लागते. वेल्सच्या चक्राचे नेमके तेच होते. हवेचा वेग चक्राच्या वेगाच्या मानाने फार कमी असला तर पात्यांना पुढे ढकलणाऱ्या बलापेक्षा हवेचा विरोधच अधिक होतो. अशा वेळी जनित्र विजेच्या जाळ्याला जोडलेले असेल तर ते वीज देण्याऐवजी जाळ्यातूनच वीज घेऊन चक्र फिरवू लागते. उलट, हवेचा वेग एका मर्यादेपलीकडे गेला तर ती पात्याला धरून वाहत नाही, पात्यापासून सुटते आणि चक्राचे बल एकाएकी ढासळते. शिवाय हे चक्र स्वतःहून सुरू होण्यास आळशी, वेग मोठा आणि कानठळ्या बसविणारा आवाज. प्रयोगशाळेतील स्थिर झोतात हेच चक्र साठ-सत्तर टक्के कार्यक्षमता दाखविते. परंतु ती एका अरुंद पट्ट्यापुरती, आणि त्या पट्ट्यात राहण्याचे वचन सागराने कोणालाही दिलेले नाही.

दुसरा मार्ग आवेगचक्राचा. त्यात चक्राच्या दोन्ही बाजूंना स्थिर मार्गदर्शक पाती बसवितात. पन्हळीने पाण्याची धार नेमकी रहाटाच्या पाळीवर सोडावी, त्याप्रमाणे ही पाती हवेचा झोत चक्राच्या पात्यांवर योग्य कोनातून सोडतात. हे चक्र मंद वेगाने फिरते, स्वतःहून सुरू होते आणि आवाजही कमी करते. त्याचा दोष असा की एका बाजूची पाती हवा आत घेताना मदत करतात, तर दुसऱ्या बाजूची पाती हवा बाहेर पडताना वाटेत उभी राहतात. म्हणून त्याची सर्वोच्च कार्यक्षमता वेल्सच्या चक्राइतकी भरत नाही. मात्र लाट लहान असो वा मोठी, ते आपले काम बऱ्यापैकी करीतच राहते.

आता वाचकांनीच न्याय करावा. केवळ समजण्यापुरते आकडे घेऊ. समजा, एका चक्राची कार्यक्षमता ६५ टक्के आहे, पण वर्षभरातील हवेच्या शक्तीपैकी पाचवा हिस्साच त्याच्या सोयीच्या पट्ट्यात येतो आणि उरलेल्या चार हिश्श्यांत ते १५ टक्क्यांवर घसरते. वर्षाची सरासरी भरते २५ टक्के. दुसरे चक्र कधीच ४० टक्क्यांच्या वर जात नाही, परंतु चार हिस्से शक्तीसाठी ते ४० टक्के टिकविते आणि पाचव्या हिश्श्यात २० टक्के देते. त्याची सरासरी ३६ टक्के. जाहिरातीच्या पानावर पहिले चक्र शोभेल. घरात दिवा दुसरे लावील. शिवाय चक्र ही साखळीतील एकच कडी असते. लाटेपासून हवेपर्यंत ६० टक्के, हवेपासून चक्राच्या कण्यापर्यंत ५० टक्के आणि कण्यापासून तारेपर्यंत ८० टक्के धरले, तर तारेत येते ती लाटेच्या शक्तीची फक्त २४ टक्के. एक कडी कच्ची राहिली की सगळी साखळी कच्ची.

हा हिशेब कागदावर राहिला नाही, ही आपल्या देशाला अभिमानाची गोष्ट आहे. केरळमधील तिरुवनंतपुरमजवळ विळिंजम येथे, मासेमारी बंदराच्या लाटारोधक बांधालगत, मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केंद्र सरकारच्या सागर विकास विभागाच्या साहाय्याने १५० किलोवॅटचे लहरी वीजकेंद्र उभे केले. काँक्रीटची प्रचंड पेटी समुद्रतळावर बसविण्यात आली आणि ऑक्टोबर १९९१ मध्ये वेल्सचे चक्र फिरू लागले. जगात त्या वेळी अशी केंद्रे बोटांवर मोजण्याइतकी होती. पुढे हे काम चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेकडे आले.

विळिंजमचे मोल तेथे निर्माण झालेल्या विजेपेक्षा तेथे मिळालेल्या ज्ञानात अधिक होते. खऱ्या समुद्रात वेल्सचे चक्र किती वेळ झोपते आणि किती वेळ गुदमरते, हे तेथे प्रत्यक्ष मोजले गेले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच पेटीवर आवेगचक्र बसवून पाहण्यात आले. एकाच कोठडीवर, एकाच समुद्रात दोन प्रकारच्या चक्रांची परीक्षा होणे, ही शास्त्राच्या दृष्टीने दुर्मीळ संधी होती. जपानमधील सागा विद्यापीठाचे प्राध्यापक तोशिआकी सेतोगुची यांनी या आवेगचक्रांवर दीर्घकाळ संशोधन केले आणि आमच्या शास्त्रज्ञांनीही त्यात तोलामोलाची भर घातली. हवा आत येताना एक आणि बाहेर जाताना दुसरे अशी दोन एकमार्गी चक्रे जोडीने चालविण्याची कल्पना मद्रासच्याच संशोधकांनी पुढे मांडली. २००४ च्या सुमारास या केंद्राच्या विजेवर दिवसाला दहा हजार लिटर गोडे पाणी करण्याचा प्रयोगही झाला. समुद्राच्याच शक्तीने समुद्राचे पाणी गोड करावे, ही कल्पना किनाऱ्यावरील तहानलेल्या गावांना किती मोलाची आहे, हे सांगावयास नको.

आणि मग? २०११ मध्ये हे केंद्र बंद झाले. आज विळिंजमचे नाव घेतले की २०२५ मध्ये राष्ट्रार्पण झालेले अवाढव्य बंदर डोळ्यांसमोर येते. लाटेच्या श्वासावर फिरणाऱ्या त्या चक्राची आठवण फारच थोड्यांना आहे. खारी हवा, गंज, दुरुस्तीचा खर्च आणि मिळणाऱ्या विजेचे अल्प प्रमाण यांचा मेळ बसत नव्हता, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु वीस वर्षे मोजमाप करून कमावलेली विद्या पुढच्या प्रयोगाच्या पायात घातली गेली नाही, तर तो तोटा विजेच्या कोणत्याही युनिटापेक्षा मोठा असतो. त्यानंतर मद्रासच्या संस्थेने नोव्हेंबर २०२२ मध्ये तुतिकोरिनजवळच्या समुद्रात ‘सिंधुजा-१’ हे शंभर वॅटचे तरंगते यंत्र चालवून दाखविले. ते स्तुत्य आहेच. पण दीडशे किलोवॅटवरून शंभर वॅटवर येण्यास आपणांस एकतीस वर्षे लागली, ही गोष्ट अंतर्मुख करणारी आहे.

परदेशांतही सगळे आलबेल झाले असे कोणी समजू नये. नॉर्वेतील तोफ्तेस्तालेन येथे १९८५ मध्ये उभारलेले ५०० किलोवॅटचे केंद्र १९८८ च्या डिसेंबरातील वादळाने उद्ध्वस्त केले. स्कॉटलंडच्या आयले बेटावरील केंद्र २००० साली सुरू झाले आणि सुमारे बारा वर्षांनी थांबले. अझोर्समधील पिको बेटावरील केंद्राचा काही भाग २०१८ मध्ये कोसळला. टिकून राहिलेले उदाहरण स्पेनच्या बास्क प्रांतातील मुत्रिकूचे. तेथे २०११ साली बंदराच्या लाटारोधक बांधातच कोठड्या बांधून काढल्या आणि प्रत्येकी साडेअठरा किलोवॅटची सोळा छोटी चक्रे बसविली. एकूण क्षमता २९६ किलोवॅट. बांध तर बंदरासाठी बांधावयाचाच होता. कोठड्यांचा खर्च त्यातच मुरला. एक चक्र नादुरुस्त झाले तरी पंधरा चालू राहतात. पोर्तुगालच्या शास्त्रज्ञांनी तयार केलेले एक नवे चक्र, ज्यात हवा त्रिज्येच्या दिशेने आत येते आणि त्रिज्येच्याच दिशेने बाहेर पडते, तेही २०१७ पासून याच केंद्रात तपासले गेले.

मुत्रिकूचा खरा आदर्श मात्र निराळा आहे. तेथील उत्पादनाचे आकडे अभ्यासकांपुढे उघडे ठेवण्यात आले. २०१४ ते २०१६ या काळातील नोंदींवरून असे दिसले की केंद्राने आपल्या नाममात्र क्षमतेच्या सरासरीने सुमारे ११ टक्केच वीज दिली. म्हणजे २९६ किलोवॅटच्या पाटीमागे प्रत्यक्ष सरासरी ३३ किलोवॅटच्या आसपास. हा आकडा लाजिरवाणा खरा; पण तो लपविला गेला नाही, म्हणूनच पुढचे चक्र अधिक चांगले करता येईल. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण संसारात कदाचित चालेल. विज्ञानात झाकलेली मूठ रिकामीच समजावी.

आता आपल्या किनाऱ्याकडे पाहू. लाटेची शक्ती तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. लाट तिप्पट उंच झाली की शक्ती नऊपट. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आषाढ-श्रावणात सागर खवळलेला असतो. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून दर्याला शांत होण्याची विनवणी होते, होड्या पाण्यात उतरतात आणि पुढे कित्येक महिने समुद्र मवाळ राहतो. कोळी बांधवांचे सुगीचे दिवस ते लहरी वीजकेंद्राचे दुष्काळाचे दिवस! म्हणजे येथे चक्राला दोन परस्परविरोधी कसोट्यांना उतरावे लागेल. पावसाळ्यातील राक्षसी झोतात त्याने मोडता कामा नये आणि माघातील मंद झोतात झोपता कामा नये. शिखराच्या कार्यक्षमतेवर भाळून चक्र निवडणारा येथे फसलाच म्हणून समजावे.

आणखी एक वास्तव स्पष्ट बोलले पाहिजे. सागर ज्या महिन्यांत उदार असतो, त्याच महिन्यांत काळीही दुथडी भरून वाहते; वैशाखात दोघेही कृपण. तेव्हा लाटेची वीज उन्हाळ्याची उणीव थेट भरून काढणार नाही. पावसाळ्यात सागराने दिलेल्या प्रत्येक युनिटामागे सुपाच्या जलाशयातील थोडे पाणी उन्हाळ्यासाठी वाचविता येईल, एवढाच अप्रत्यक्ष लाभ. तोही किती? काळीच्या खोऱ्यातील बाराशे मेगावॅटची बरोबरी करावयाची तर विळिंजमच्या तोडीची आठ हजार केंद्रे लागतील, आणि तीही केवळ पाटीवरील क्षमतेच्या हिशेबाने. लाटेची वीज आली म्हणजे डोंगरातील धरणे आणि काठावरील अणुभट्ट्या अनावश्यक होतील, असे स्वप्न जो कोणी दाखवील त्याच्यापासून जोयडाच्या आणि कारवारच्या लोकांनी सावध राहावे.

मग हा खटाटोप सोडूनच द्यावा काय? आमचे मत तसे मुळीच नाही. सुप्याच्या विजेपायी अनेक गावे आणि शेते बुडाली. विळिंजमच्या कोठडीने कोणाचेही घर बुडविले नाही. ज्या बंदरांना लाटारोधक बांध बांधावे वा दुरुस्त करावे लागतातच, त्या कारवार, मुरगाव, रत्नागिरी यांसारख्या ठिकाणी बांधाच्या एखाद्या भागात मुत्रिकूप्रमाणे चार-दोन कोठड्या ठेवणे अशक्य नाही. त्यातील वीज बंदराचे दिवे, बर्फाचा कारखाना, गोड्या पाण्याचे छोटे यंत्र यांना पुरली तरी पुष्कळ झाले. पण त्यासाठी काही अटी आधीच घातल्या पाहिजेत. चक्राची निवड प्रयोगशाळेतील शिखरावर न करता त्या ठिकाणच्या बाराही महिन्यांच्या लाटांवर व्हावी. वेल्स, आवेग आणि नवी चक्रे यांची तुलना त्याच समुद्रात व्हावी. दुरुस्तीचा पैसा पहिल्या दिवसापासून बाजूला काढलेला असावा. उद्घाटनाची कोनशिला चकचकीत आणि चक्र गंजलेले, हे दृश्य पुन्हा नको. बांधाच्या कामापूर्वी मच्छीमारांशी बोलणे व्हावे, नंतर नव्हे. आणि दर महिन्याला किती युनिटे निघाली, किती तास चक्र बंद होते, याचा फलक बंदराच्या प्रवेशद्वारावर मराठीत, कोकणीत, कन्नडमध्ये लागावा.

ही शेवटची मागणी क्षुल्लक वाटेल. आमच्या मते तीच मुख्य आहे. कोणत्याही वीजप्रकल्पाच्या वेळी लोकांना सांगितला जातो तो सर्वोच्च क्षमतेचा आकडा. सरासरी कोणी सांगत नाही आणि ती विचारण्याची सवय आपणांसही लागलेली नाही. बाजारकुणंगच्या शेतकऱ्याला वर्षाला किती खंडी भात पिकले हे विचारा. एका चांगल्या वाफ्याचे उत्पन्न सांगून तो तुमची बोळवण करणार नाही, कारण वर्षभर खावयाचे असते ते साऱ्या शेताचे. मुंबईतील नवा चाचणी प्रकल्प हवेच्या चक्रावर आधारलेला नाही, तरंडे आणि तेलाचा दाब यांवर तो चालावयाचा आहे. पण माप त्यालाही हेच लावावे लागेल. तो उभा राहिल्यावर पहिल्या दिवशी किती वीज निघाली याची छायाचित्रे सर्वत्र छापली जातील. वर्ष उलटल्यावर बाराही महिन्यांचा हिशेब मागण्याचे काम वृत्तपत्रांचे आणि वाचकांचे आहे. आमच्यापुरते सांगावयाचे तर आम्ही तो मागणार आहोत.